सारख्याच बावीस ओळी

ऑफिसच्या मधल्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, पण त्याच्यावर कधी फुटबॉलची मॅच लागली नाही. त्याच्यावर दिवसभर तपासनीस असायचा.

तपासनीस म्हणजे कुणी माणूस नव्हे. माणसांनी लिहिलेले प्रोग्राम वाचायचे आणि त्यांच्या बांधणीला गुण द्यायचे, एवढंच काम करणारा तो आणखी एक प्रोग्राम होता. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, फार लांबलं, तांबडी खूण. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी अट, तांबडी खूण. एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला, तांबडी खूण. तो मजकूर कशाबद्दल आहे, त्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे की नुसती सिनेमाची तिकिटं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ऑफिसातल्या रौदा एल्लूझच्या लहानपणी शाळेत वर्षातून एकदा तपासनीस यायचे. ते मुलांची नखं बघायचे, वहीचे समास बघायचे, आणि गणित येतं का हे न विचारताच गुरुजींना शेरा देऊन निघून जायचे. त्यांच्यावरून रौदानंच त्याचं हे नाव ठेवलं होतं आणि ते सगळ्या ऑफिसनं उचललं होतं.

ऑफिस म्हणजे स्फाक्स या बंदराच्या शहरात तुनिस रस्त्यावर, किलोमीटर तीनला, रंगाच्या दुकानावरचे दोन मजले. माणसं अठरा. मुलांच्या वॉर्डात कुठलं औषध किती आणि किती तासांनी द्यायचं, हे सांगणारा प्रोग्राम ते बनवायचे. चाळीसेक सरकारी दवाखान्यांत तो चालायचा. नर्सनं बाळाचं वजन आणि वय घालायचं, प्रोग्रामनं चिठ्ठी छापून द्यायची. गेली अकरा वर्षं त्यात कुणाला काही वावगं सापडलं नव्हतं, आणि ती अकरा वर्षं रौदा तिथं होती. ती चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची, पुढच्या दातांत फट असलेली आणि तोंडानं फटकळ बाई. प्रोग्रामची निम्मी हाडं तिच्या हातची.

तपासनीस आणला तो मालकानं, सी (म्हणजे श्रीयुत) नजीब शाबूनींनी. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेला तीनशे दवाखान्यांसाठी असाच प्रोग्राम हवा होता आणि तिची अट होती की बांधणीचा दर्जा 'अ' हवा, तोही यंत्रानं दिलेला, माणसानं नव्हे. शाबूनींचा प्रोग्राम पहिल्या तपासणीत 'ड'मध्ये निघाला. त्या दिवशी सी नजीब जेवले नाहीत म्हणतात. मग त्यांनी ऑफिसात एक खेळ काढला. ज्याच्या नावावर आठवड्यात सगळ्यांत जास्त तांबड्या खुणा, त्यानं सोमवारी सगळ्यांसाठी गरमागरम फ्तायर आणायचे. तळणीतून काढलेली ती मोठी फुगीर पुरी आणि अठरा माणसं. सकाळी साडेसातला तळणवाल्यापुढं रांगेत उभं राहायचं आणि तेलकट पुडकी छातीशी धरून जिना चढायचा. गंमत होती. ज्याला आणावे लागत नव्हते, त्याला तर फारच गंमत होती.

रौदानं सलग पाच सोमवार फ्तायर आणले.

"लल्ला रौदा, तळणवाल्यानं तुम्हाला भागीदारी दिली की नाही अजून?" विदाद म्हणायची. लल्ला म्हणजे ताई, मोठ्या बाईला मानानं म्हणायचं. विदाद फुराती, एकोणतीस वर्षांची, ऑफिसातली सगळ्यांत हुशार पोरगी. कॉलेजातून आली तेव्हा तिला साधी यादी क्रमानं लावता येत नव्हती. रौदानं शेजारी खुर्ची ओढून तिला दोन वर्षं शिकवलं होतं.

"खा मुकाट्यानं," रौदा म्हणायची. "माझ्या जुन्या पापांवर तुम्ही सगळे जाड होताय."

हसायची ती. पण पाचव्या सोमवारी जिन्यात तिला दम लागला आणि वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर लागलं. ज्या घराचा पाया आपण घातला, त्याच घरातल्या पोरांनी आपल्याला म्हातारी ठरवावं, हे कुणालाही लागेल.

तिच्या तांबड्या खुणांत एक जोडी अशी होती की ती काही केल्या जाईना. बावीस ओळी एका फाइलीत आणि अगदी त्याच बावीस ओळी दुसऱ्या फाइलीत. वय घे, वरच्या तक्त्यात त्या वयाची ओळ शोध, औषधाचा पुढचा डोस किती तासांनी ते सांग. पहिली फाइल नवजात बाळांची, दुसरी मोठ्या मुलांची. तपासनिसाला दोन्हीकडं तोच मजकूर दिसे आणि तो दोन्हीकडं खूण करी, म्हणजे शिक्षा दुप्पट.

आता त्या ओळी सारख्या दिसत होत्या, पण सारख्या नव्हत्या. नवजातांच्या फाइलीत 'वय' म्हणजे दिवस. मोठ्यांच्या फाइलीत 'वय' म्हणजे महिने. अकरा वर्षांपूर्वी रौदानं घाईत दोन्हीकडं नुसतं 'वय' लिहिलं होतं. तेव्हाच तिला ते खटकलं होतं, पण दुसऱ्या दिवशी प्रोग्राम पहिल्या दवाखान्यात जायचा होता. म्हणून नीट नावं देण्याऐवजी तिनं नवजातांच्या फाइलीत वर एक टीप लिहून ठेवली होती: 'इथे वय दिवसांत आहे, दुसऱ्या फाइलीत महिन्यांत. दोन्ही ओळी सारख्या दिसतात म्हणून एक करू नका. बाळाची किडनी कच्ची असते. रौदा.'

अशा टिपा प्रोग्राम चालवताना यंत्र वाचत नाही. त्या माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. तपासनिसाला त्याही खपत नसत. जो कोड समजायला टीप लागते तो कोडच वाईट, असं त्याचं म्हणणं. ते अगदी खोटंही नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नसे. टिपेबद्दल आणखी एक खूण. म्हणजे या बावीस ओळींपायी तीन.

महिनाअखेर आठ दिवसांवर आली होती. बुधवारी दुपारी सी नजीब तिच्या टेबलाशी आले.

"मादाम रौदा, बाकी सगळे हिरवे झाले. तुमचं काय?"

"माझं होतंय."

"होतंय म्हणजे कधी? आपण 'ब'वर अडकलोय. तुमच्यामुळे, असं मी म्हणत नाही हां."

"म्हणालात की आत्ता."

ते गेल्यावर रौदानं ती फाइल उघडली. काय करायचं ते तिला नीट ठाऊक होतं: दोन्हीकडं 'वय' बदलून 'दिवस' आणि 'महिने' लिहायचं, म्हणजे टिपेची गरजच संपली. पण ते शब्द पन्नास ठिकाणी पोचलेले होते. निदान एक पूर्ण दिवस जाणार. आज टीप काढू, उद्या नावं बदलू, असं तिनं ठरवलं. टीप पुसली, बदल नोंदवला. टीव्हीवर तिच्या नावापुढचा आकडा एकानं उतरला. तिला बरं वाटलं. एवढीशी गोष्ट, पण बरं वाटलं, हे ती पुढं कधी विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला केर्केना बेटावरून भावाचा फोन आला. आई अंगणात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. रौदा अंगावरच्या कपड्यांनिशी बंदरावर गेली आणि पहिल्या बोटीत बसली. मग आईला बोटीतूनच शहरात आणणं, ऑपरेशन, इस्पितळातल्या रांगा, आईचं दुखणं आणि आईचा संताप. बारा दिवस तिनं ऑफिसचं नावसुद्धा काढलं नाही.

त्या बारा दिवसांतल्या पाचव्या दिवशी विदादनं बावीस ओळी एक केल्या.

तिनं विचार केला नाही असं नाही. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून तिनं अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. ओळी तंतोतंत सारख्या. तक्ते मात्र वेगळे: एक शून्य ते अठ्ठावीस, दुसरा शून्य ते एकशे ऐंशी. आकडेही थोडे निराळे. तिला वाटलं, लहान तक्ता ही मोठ्याचीच जुनी अर्धवट नक्कल असणार. जुन्या प्रोग्रामात अशा नकला ढिगानं सापडतात. तिनं रौदाला फोन लावला, तो वाजत राहिला. आई ऑपरेशनला आहे आणि आपण तक्त्याबद्दल काय विचारायचं, म्हणून तिनं पुन्हा लावला नाही. मोठा तक्ता ठेवला, लहान काढून टाकला. चाचण्या चालवल्या. तपासनिसाला चाचण्याही हव्या असत, पण त्या प्रत्येक ओळीवरून गेल्या म्हणजे झालं, काय तपासलं ते तो बघत नसे. म्हणून पोरांनी सगळीकडं वय शून्य घालून चाचण्या उरकल्या होत्या. शून्य दिवस आणि शून्य महिने यांचं उत्तर एकच. सगळ्या चाचण्या हिरव्या.

पूर्वी असा नियम होता की एकाचं काम दुसऱ्यानं डोळ्यांखालून घातल्याशिवाय दवाखान्यात जायचं नाही. तपासनीस आल्यावर सी नजीबनी तो मोडला. तपासनीस हिरवा म्हणतोय तर माणसाचा वेळ कशाला घालवायचा? त्या संध्याकाळी टीव्हीवर 'अ' आला. सी नजीबनी केक मागवला आणि विदादच्या हातानं कापला.

रौदा परतली तेव्हा तिच्या नावापुढं शून्य होतं. तिनं ते पाहिलं. तिच्या मनात आलं की ती जोडी कुणी आणि कशी मिटवली असेल? पण आई घरी कॉटवर, तिला सांभाळणारी बाई सकाळी येते की नाही याचा पत्ता नाही, आणि सोमवारी फ्तायर आणायला लागणार नाहीत ही एक सुटका. तिनं विचारलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सात आठवडे काही झालं नाही. म्हणजे, झालं असेल तर कळलं नाही.

मग एका मंगळवारी दक्षिणेकडच्या एका दवाखान्यातून फोन आला. नऊ दिवसांची मुलगी, ताप आला म्हणून भरती केलेली. जे औषध छत्तीस तासांनी द्यायचं, ते नऊ दिवसांना नऊ महिने धरून चिठ्ठीवर आठ तासांनी छापून आलं होतं. नर्स नवी होती आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा असं तिला शिकवलेलं होतं. तीन दिवस चिठ्ठीप्रमाणे औषध चाललं. चौथ्या दिवशी बाळाची लघवी बंद झाली, सहाव्या दिवशी बाळ गेलं. नाव मैसा. जन्मानंतर सातव्या दिवशी बारशाला कापलेल्या बोकडाचं मटण शेजारपाजाऱ्यांच्या घरात अजून शिल्लक असेल, असं फोनवरचा डॉक्टर म्हणाला.

प्रोग्राम चाळीस ठिकाणी बंद करायला लावला. बुधवारी सगळे सी नजीबच्या खोलीत जमले. प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला याची नोंद असते, ती उघडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मोठा तक्ता ठेवला, लहान काढला: विदाद फुराती. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं.

"मी..." विदाद म्हणाली. "मला वाटलं ती नक्कल आहे."

"वाटलं," सी नजीब म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तुला वाटलं."

"दोन्हीकडं 'वय' लिहिलंय हो. नुसतं 'वय'. दिवस की महिने, कुठं लिहिलंय? दाखवा मला कुठं लिहिलंय!"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. रौदा खिडकीशी उभी होती. आपण टीप लिहिली होती हे तिला आठवत होतं आणि ती पुसली होती हे आठवत नव्हतं, किंवा आठवू नये म्हणून ती धडपडत होती, यातलं काय खरं ते तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं त्या फाइलीचा जुना इतिहास काढला. मागे, आणखी मागे. टीप होती. तिची टीप, तिच्या नावासकट. आणि ती पुसल्याची नोंदही होती: बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, रौदा एल्लूझ. विदादच्या बदलाच्या पाच दिवस आधी. या नोंदीकडं कुणी बघितलंच नव्हतं, कारण टीप यंत्रात चालत नाही आणि जे चालत नाही त्यानं माणूस मरत नाही, असा या धंद्याचा समज आहे. रौदानं ते पान छापलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी सी नजीबनी तिला एकटीला बोलावलं.

"पोलिसांत तक्रार झालीय. सोमवारी तपास सुरू होईल. वकिलानं एक कागद केलाय. विदादनं कुणालाही न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर बदल केला, असा. ती सही करेल. तुम्ही जरा समजवा तिला. तुमचं ऐकते ती."

"आणि दुसऱ्यानं बघायचा नियम तुम्ही काढलात, ते?"

"मादाम रौदा." त्यांनी चष्मा काढला. "सतरा घरं चालतात या कंपनीवर. तुमचं धरून. तुमची आई कॉटवर आहे, पेन्शनला तुम्हाला तीन वर्षं आहेत. ती तरुण आहे, पहिलीच चूक, तिला सहा महिन्यांची शिक्षा होईल आणि तीही कोर्ट स्थगित ठेवेल. कंपनी बुडाली तर काय स्थगित ठेवणार?"

रौदाचा हात पर्सवर होता. आता सांगायचं, असं तिच्या जिभेवर आलं. मग सी नजीब म्हणाले, "या सगळ्यात तुमचं नाव कुठं नाही, देवाची कृपा," आणि तिचा हात पर्सवरून खाली आला. भित्री माणसं वाईट नसतात म्हणतात. पण त्या क्षणी ती वाईटच होती, तिच्याबद्दल कितीही माया वाटली तरी हे म्हणायलाच हवं.

"बघते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती आईला भरवत होती तेव्हा विदादचा फोन आला.

"लल्ला, सी नजीब कागद घेऊन घरी आलेत. खाली बाबांशी बोलतायत. सही करू का मी?"

रौदाच्या हातात चमचा तसाच राहिला. आई म्हणाली, "कोण आहे? दे ना तो घास."

"लल्ला? ऐकताय ना?"

"ऐकतेय, बिन्ती." विदादला ती नेहमी असंच म्हणायची, बिन्ती, माझी लेक.

"तुम्ही सांगा. मला काही सुचत नाहीये. मी तीन रात्री झोपले नाही. डोळे मिटले की ते नाव दिसतं. तुम्ही म्हणालात तर करते."

"काय लिहिलंय त्यात?"

"की सगळं मी केलं. तसं ते खरंच आहे ना?"

आता इथं रौदाला पाच-सहा शब्द पुरले असते. थांब, सही करू नकोस, मी येते. तिनं तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"नजीब काही वाईट माणूस नाही. वकिलानं बघितलंय म्हणतोय. करून टाक, सुटशील."

"बरं," विदाद म्हणाली. एवढ्यावरच तिच्या आवाजातला ताण सैल झाला, ते रौदाला ऐकू आलं. "बरं, लल्ला. आईला सलाम सांगा."

रविवारी रौदा दिवसभर काहीतरी करत राहिली. पडदे धुतले, ऑलिव्हची बरणी पुसली, आईची बोलणी खाल्ली. दुपारी ऑफिसातल्या एकानं फोन करून सांगितलं की दक्षिणेकडं दवाखान्यापुढं लोक जमलेत आणि बातम्यांत 'बाळाला मारणारी इंजिनिअर' असं म्हणून विदादचा फोटो आलाय, लग्नातला फोटो, कुणीतरी इंटरनेटवरच्या तिच्याच पानावरून उचललेला. रौदानं टीव्ही लावला नाही. पर्समधला कागद काढला, वाचला, परत ठेवला. असं चार-पाच वेळा केलं. मग तिनं शेजारणीला आईजवळ बसवलं आणि टॅक्सी केली.

ग्रेमदा रस्ता, किलोमीटर चार. विदाद माहेरी आली होती. नवरा कुठं आहे ते रौदानं विचारलं नाही. दार तिच्या वडिलांनी उघडलं आणि रौदाला बघून त्यांना भरूनच आलं.

"या, या, मादाम. तुम्ही तरी आलात. मालक सोडले तर ऑफिसातलं कुत्रं फिरकलं नाही. कालपासून सारखं म्हणतेय पोरगी, लल्ला रौदानं धीर दिला म्हणून सही करू शकले. देव तुमचं भलं करो."

रौदाला वाटलं, उलट्या पावली परत जावं. पण ते तिचा हात धरून आतच घेऊन गेले.

विदाद स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळून, पुढं कॉफी. उठून तिनं रौदाच्या गालांना गाल लावले.

"बसा. बाबा, लल्लासाठी कॉफी."

"कॉफी नको," रौदा म्हणाली. "हे वाच." आणि घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला.

विदादनं तो उलगडला. तिला समजावून सांगायची गरज नव्हती, असली पानं वाचणं हेच तिचं काम. आधी तिनं टीप वाचली. ओठ हलवत, दोनदा.

"'एक करू नका,'" ती हळू म्हणाली. "'बाळाची किडनी कच्ची असते.' किती स्वच्छ लिहिलंय." मग तिची नजर खाली, तारखेवर गेली. नावावर गेली. ती तिथंच थांबली.

"खुणेसाठी काढली," रौदा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नावं बदलणार होते. मग आई पडली. आल्यावर मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. उद्या सकाळी मी तपास अधिकाऱ्याकडं जाते, हे देते, सगळं सांगते. टीप असती तर तू हात लावला नसतास. हे मी लिहून देईन. नियम नजीबनं मोडला, तेही सांगेन. माझं काय व्हायचं ते होवो."

वडील कॉफीचं भांडं हातात घेऊन उभे होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता.

"कधी सापडलं हे तुम्हाला?" विदादनं विचारलं.

"गुरुवारी."

"या गुरुवारी?"

"हो."

बाहेर कुणाची तरी मोपेड सुरू होईना, लाथांवर लाथा चालल्या होत्या.

"म्हणजे शनिवारी मी फोन केला तेव्हा तुमच्याकडं होतं हे."

"पर्समध्ये होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, करून टाक."

"हो, बिन्ती."

"बिन्ती म्हणू नका." हे ती रागानं म्हणाली नाही. गरम भांड्यापासून लहान मुलाला लांब सारतात, तशी म्हणाली. तिनं कागदाला पुन्हा त्याच घड्या घातल्या, नीट, कडांना कडा लावून, आणि रौदाच्या हातात दिला.

"जा उद्या. सांगा त्यांना. सांगायलाच पाहिजे. पण मला हलकं वाटेल म्हणून आला असाल, तर तसं होत नाहीये लल्ला. आत्तापर्यंत मला वाटत होतं की सगळं माझ्यामुळे झालं. आता कळलं की अर्धं तुमच्यामुळे झालं. पण बाळ काही अर्धं मेलेलं नाही ना."

वडिलांनी भांडं खाली ठेवलं. "काय झालं? अरे, मला कुणी सांगेल का?"

रौदा उठली. दारापर्यंत तिला पोचवायला कुणी आलं नाही. या घरात असं याआधी कधी झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेआठला ती तपास अधिकाऱ्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अकरा वाजता तिला आत घेतलं. अधिकाऱ्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारच्या तज्ज्ञाकडं दिला. तज्ज्ञ तरुण होता, त्यानं तो सभ्यपणे वाचला.

"मादाम, ही टीप आहे. ही यंत्रात चालत नाही."

"मला माहीत आहे," रौदा म्हणाली. "ती माणसांसाठी होती."

"मग तांत्रिकदृष्ट्या तुमच्या बदलानं काहीच बदललं नाही. उलट..." त्यानं पुढ्यातला तपासनिसाचा अहवाल चाळला. "तुमच्या बदलानं गुण वाढलेत."

अधिकाऱ्यानं तिचा जबाब घेतला, तिची सही घेतली आणि तो फाइलीत सगळ्यांत मागं लावला. सगळ्यांत वर विदादच्या सहीचा कागद होता. आधी सही झालेला म्हणून तोच पुढं वाचला जाणार होता, हे त्यानं रौदाला स्वतःहून सांगितलं. तिनं काही गैरसमज घेऊन घरी जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता.